वृक्षछाटणीतला वगळलेला माणूस

नवी मुंबईत सोसायट्यांच्या आवारातील झाडे छाटण्याचे काम मुख्यतः छोटे ठेकेदार करतात. ठेकेदार स्वतः, एक चढणारा, खाली एक-दोन मदतनीस, एक चेनसॉ, दोन कोयते, नायलॉनचा दोर आणि फांद्या वाहून नेणारा भाड्याचा टेम्पो, एवढ्यावर हा धंदा उभा असतो. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी हाती आली की सोसायटी दोन-तीन कोटेशन मागवते, सर्वांत कमी दराचे निवडते आणि पावसाच्या आत काम उरकून घेते. चढणाऱ्याच्या अंगावर हार्नेस असेल का, चेनसॉ तो दोन्ही हातांनी धरू शकेल का, वर अडकला तर त्याला उतरवणारे कोणी खाली असेल का, यांबद्दल त्या कोटेशनमध्ये सहसा एक ओळही नसते.

ही ओळ विसरून राहिलेली नाही. तिच्या अभावामागे एक पक्के मत आहे आणि ते ठेकेदार मांडतात, सोसायटीचे पदाधिकारी मांडतात, कधी कधी झाडावर चढणारेही मांडतात. ते असे: ही माणसे लहानपणापासून झाडांवर चढत आली आहेत, त्यांना पट्टे आणि दोर शिकवण्याची गरज नाही. साधने अंगावर चढवली की हालचाल जखडते आणि दिवसाचे काम दोन दिवसांवर जाते. मे महिन्याच्या उकाड्यात जाड विजार आणि हेल्मेट घालून कोणी काम करू शकत नाही. दोन माणसांच्या कामाला चार माणसे लावली तर छोटा ठेकेदार बुडेल. आणि मोठ्या कंपन्यांसाठी केलेले नियम चार जणांच्या टोळीला लावायचे नसतात. हे मत इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला कोणी आव्हानही देत नाही. पण त्यातील प्रत्येक विधान काम नेमके कसे होते याच्याशी ताडून पाहिले, तर त्यातले एकच थोडेसे खरे निघते, आणि तेही या मताच्या विरोधातच जाते.

अनुभवाचा मुद्दा आधी घ्यावा लागतो, कारण बाकीचे सगळे त्याच्या आधाराने उभे आहेत. चढण्याचे कौशल्य खरे असते, यात वाद नाही. पण ज्या झाडांवर ते कमावले ती झाडे आणि आजची झाडे वेगळी आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि वाशी हा नव्या शहरातील पहिला विकसित नोड. रस्त्यांच्या कडेने आणि आवारांत गुलमोहर, सोनमोहर, विलायती शिरीष यांसारखी भराभर वाढणारी झाडे लागली. त्यांतील जुनी झाडे आता पन्नाशीकडे आली आहेत. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते, विलायती शिरिषाच्या आडव्या फांद्या लांब आणि प्रचंड वजनदार होतात. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घातलेले असते. गटारे, केबल आणि पाण्याच्या वाहिन्या टाकताना मुळे तोडलेली असतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा असंख्य झाडे पडली. जी उभी राहिली त्यांच्यातही फांद्यांच्या बेचक्यांत चिरा गेल्या असणार, आणि त्या खालून दिसत नाहीत.

आतून पोकळ झालेली फांदी अनुभवी माणसाच्या पायाखालीही मोडते. अनुभवाने पाय कुठे ठेवावा हे कळते, पण लाकडाच्या आत काय आहे ते दिसत नाही. शिवाय आठ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्याच्या खिडकीइतक्या उंचीवरून, सुटलेले शरीर सव्वा सेकंदात जमिनीवर येते आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर असतो. त्या सव्वा सेकंदात वीस वर्षांचा अनुभव नेमके काय करणार? इतकी वर्षे पडला नाही, हा पुरावा फक्त आजवर फांदी मोडली नाही एवढ्याचाच आहे.

साधनांनी हालचाल जखडते, ही तक्रार ज्या साधनांविषयी केली जाते ती बहुतेक वेळा झाडकामाची नसतातच. बांधकामावरचा 'सेफ्टी बेल्ट' झाडावर नेला जातो. नुसता कंबरपट्टा असेल तर पडणाऱ्याचे सगळे वजन झटक्यासरशी पोटावर आणि मणक्यावर येते. पूर्ण अंगाचा हार्नेस असेल तर तो पडणे थांबवतो, पण त्याचा जोडदोर बहुधा दोन मीटरचा असतो आणि झटका शोषणारी पिशवी उलगडताना आणखी दीड-पावणेदोन मीटर जातात. त्यात माणसाची स्वतःची उंची मिळवली की पायाशी हूक लावून पाच मीटरवर उभा असलेला माणूस पडणे पूर्ण थांबण्याआधीच जमिनीला लागतो. असा पट्टा देऊन ठेकेदार कर्तव्य केल्याचे समाधान मानतो आणि कामगार तो निरुपयोगी म्हणून काढून टाकतो. साधन चुकीचे होते, हा निष्कर्ष मात्र दोघांपैकी कोणी काढत नाही.

झाडकामाची पद्धत वेगळी आहे. चढणारा कंबर आणि मांड्यांना आधार देणाऱ्या बैठकीच्या हार्नेसमध्ये असतो. त्याचा मुख्य दोर त्याच्या डोक्यावर, भक्कम बेचक्यातून गेलेला असतो आणि सतत ताणलेला राहतो, त्यामुळे पाय घसरला तर माणूस पडत नाही, जागीच लोंबतो. कापण्याच्या वेळी तो दुसरा आखूड दोर बुंध्याभोवती टाकून स्वतःला आणखी एका ठिकाणी बांधून घेतो. या दुसऱ्या दोरात पोलादी तारेचा गाभा असावा लागतो, कारण चेनसॉचा फटका चुकून दोरावर बसण्याची शक्यता कायम असते आणि नायलॉन त्यापुढे टिकत नाही. हेल्मेटला हनुवटीखालून पट्टा हवा. बांधकामावरचे सैल हेल्मेट वर बघताक्षणी खाली पडते आणि मोटारसायकलचे हेल्मेट कान झाकते, त्यामुळे खालची हाक ऐकू येत नाही.

या पद्धतीने माणूस मोकळा होतो. दोराशिवाय चढणारा एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्या हाताने चेनसॉ चालवतो. चेनसॉची साखळी पूर्ण वेगात सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून जास्त धावते. बारच्या टोकाचा वरचा भाग शेजारच्या फांदीला नुसता टेकला तरी यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि खांद्याकडे येते, आणि डोळ्याचे पाते लवण्याआत येते. दोन्ही हातांची पकड असेल तर हा झटका काहीसा आवरता येतो आणि पुढच्या हाताने साखळीचा ब्रेक लागतो. एका हाताने तो आवरत नाही. हार्नेसमध्ये बसलेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे असतात, तो फांदीच्या टोकाकडे दोरावर चालत जाऊ शकतो आणि योग्य जागी योग्य काप घेऊ शकतो. दोर लावायला सुरुवातीला काही वेळ जातो, तेवढाच जास्तीचा. तो वेळ वाचवण्यासाठी एक हात फांदीला अडकवून ठेवणे याला वेगवान काम कोणत्या हिशेबाने म्हणायचे?

शिडी हे याच चुकीचे दुसरे रूप आहे. अॅल्युमिनियमची शिडी जी फांदी कापायची तिलाच टेकवलेली दिसते. फांदीचा बाहेरचा भाग तुटून खाली गेला की उरलेला भाग हलका होऊन वर उचलला जातो, शिडीचा आधार सुटतो आणि चालू चेनसॉसह माणूस मागे जातो. हा अपघात योगायोगाचा नाही. वजन उतरले की लाकूड वर येणारच, हे प्रत्येक वेळी घडते. कधी उचल थोडी असते म्हणून शिडी टिकते, इतकेच.

उकाड्याचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. नवी मुंबईच्या दमट मे महिन्यात चेनसॉसाठीची संरक्षक विजार अंगावर असह्य होते. त्या विजारीत लांब तंतूंचे थर असतात. साखळी कापडाला लागली की ते तंतू ओढले जाऊन यंत्राच्या चाकात गुंततात आणि साखळी थांबते. चेनसॉच्या जखमा सर्वाधिक मांडी-गुडघ्याला आणि डाव्या हाताला होतात, म्हणून ही विजार जमिनीवर ओंडके कापणाऱ्यालाही हवी. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने मरतो. आता उकाड्याचे उत्तर विजार काढणे हे असेल, तर ज्या ऋतूत सर्वाधिक काम होते त्या ऋतूत सर्वांत कमी संरक्षण, असा त्याचा अर्थ होतो. खरे उत्तर आहे पाळी बदलण्याचे. चढणारे दोन असतील तर एक वर असताना दुसरा सावलीत पाणी पिऊन बसतो, तासाभराने जागा बदलतात, दुपारी बारा ते चार यंत्र बंद राहते. म्हणजे उकाड्याची तक्रार तपासायला घेतली की ती थेट माणसांच्या संख्येवर येऊन थांबते.

आणि संख्येचा प्रश्न हाच या धंद्यातला मुख्य प्रश्न आहे. हेल्मेट आणि हार्नेस दिसतात, त्यांचे फोटो काढता येतात, म्हणून चर्चा झालीच तर त्यांच्यावर होते. न आलेला माणूस फोटोत दिसत नाही. कमी दराचे कोटेशन शक्य होते ते बहुतेक वेळा याच न आलेल्या माणसामुळे.

तो माणूस म्हणजे दुसरा चढणारा. वर गेलेल्याला चेनसॉ लागली, गांधीलमाश्यांनी घेरले, उन्हाने चक्कर आली, वरून तुटलेली फांदी खांद्यावर आदळली, तर तो स्वतः उतरू शकत नाही. हार्नेस असेल तर तो दोरावर लोंबत राहतो. निश्चल लोंबणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साचते, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते आणि वेळेत उतरवले नाही तर मृत्यूही येऊ शकतो. म्हणजे एकट्या चढणाऱ्याला हार्नेस देऊन खाली कोणी चढणारा न ठेवणे ही अर्धीच सुरक्षा आहे. अग्निशमन दल येईल, असे उत्तर दिले जाते. महापालिकेची अग्निशमन केंद्रे वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर येथे आहेत आणि त्यांचे जवान तत्परतेने येतात, पण फोन लागणे, गाडी निघणे, वाहतुकीतून वाट काढणे, सोसायटीच्या कमानीतून आणि लावलेल्या गाड्यांमधून शिडी आत नेणे, याला जो वेळ लागतो तो जखमी माणसाजवळ नसतो. ब्रिटनमध्ये झाडावर चढून काम करताना किमान दोन माणसे हजर असावीत आणि जमिनीवरचा एक जण वर जाऊन सुटका करण्यात प्रशिक्षित व साधनांसह सज्ज असावा, हा या व्यवसायाचा मान्य दंडक आहे. तिथली झाडे जास्त धोकादायक आहेत की तिथल्या माणसाचा जीव जास्त मोलाचा आहे?

दुसरा वगळला जाणारा माणूस जमिनीवरचा असतो. वीस सेंटिमीटर व्यासाची आणि तीन मीटर लांबीची ओली फांदी ८०–९० किलोची भरते. ती पाच मीटरवरून मोकळी सोडली तर ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने खाली येते. वाशी, कोपरखैरणे किंवा सानपाड्याच्या एखाद्या सोसायटीत झाडाखाली लावलेल्या गाड्या असतात, पाण्याची टाकी असते, पलीकडे मुलांच्या शाळेची बस थांबते. म्हणून फांदी दोराने बांधून हळूहळू उतरवावी लागते. हे काम दोर हाताला गुंडाळून करणारा मदतनीस बोटे गमावतो किंवा दोरासोबत ओढला जातो. ज्याला शिकवले आहे तो दोराला बुंध्याभोवती वेढे देतो आणि घर्षणावर वजन तोलतो. हा एक कुशल माणूस झाला. तो दोरात गुंतलेला असताना लोकांना आणि वाहनांना लांब ठेवणारा आणखी एक माणूस लागतो. व्यवहारात हे काम सोसायटीच्या सुरक्षारक्षकावर टाकले जाते. त्याचे लक्ष गेटवर असते, तो कोणी कुरिअरवाला आला की तिकडे जातो, आणि बरोबर त्याच वेळी वरून आवाज येतो की फांदी सुटतेय.

मग कमी उंचीच्या, कोयत्याने होणाऱ्या कामाला किती माणसे? तीन चालतील. पण वर चेनसॉ जाणार असेल, किंवा फांदी दोराने उतरवायची असेल, तर चौघांपेक्षा कमी माणसांत ते काम होत नाही. दोन चढणारे, एक दोरवाला, एक रस्ता सांभाळणारा. या चौघांपैकी किमान दोघांना रक्तस्राव थांबवता आला पाहिजे आणि दाबपट्टी, आवळपट्टी हे साहित्य टेम्पोत नव्हे तर झाडाच्या बुंध्याशी असले पाहिजे.

माणसे मोजून भरली की झाले, असेही नाही. ती कुठून येतात यालाही महत्त्व आहे. हंगामात सकाळी नाक्यावरून दोन माणसे उचलायची आणि दहा वाजता त्यांच्या हातात दोर द्यायचा, ही रूढ रीत आहे. नाक्यावरचा कामगार मेहनती असतो, पण ज्याच्या हातात आपला दोर आहे त्याला 'सोड' आणि 'थांब' यांच्या खुणाही आपल्यासारख्या माहीत आहेत की नाहीत, हे वरच्याला ठाऊक नसते. त्यात काम उक्ते असेल, म्हणजे झाडामागे अमुक पैसे ठरले असतील, तर प्रत्येक मिनिट वाचवण्यात टोळीचा फायदा असतो. अशा व्यवस्थेत 'कामगार स्वतःच हेल्मेट घालत नाही' ही तक्रार ठेकेदाराला शोभत नाही. झाडामागे पैसे देऊन घाई त्यानेच ठरवली, सगळ्यांत मिळून एकच ढिला हार्नेस त्यानेच आणला, तो वापरायला शिकवण्यात एक दिवसही त्याने घालवला नाही. रोजावर, हजेरीप्रमाणे मजुरी, प्रत्येकाच्या मापाचे स्वतंत्र साधन आणि 'दोर नाही तर चढायचे नाही' हा मालकाचा शब्द, या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे कामगार साधने वापरतात. दोराविना चढणाऱ्याला त्या दिवशी खाली बसवून पूर्ण हजेरी देण्याची तयारी ठेकेदाराने दाखवली, तर तो शब्द टोळीला दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

नारळाच्या झाडाचा वेगळा विचार करावा लागतो. त्याला बेचके नाही, वर दोर अडकवायला फांदी नाही, आणि नवी मुंबईच्या गावठाणांत व सोसायट्यांत नारळ भरपूर आहेत. २०१७ च्या जुलै महिन्यात चेंबूरमध्ये नारळाचे झाड कोसळून वाटेने चाललेल्या एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा झाड तपासण्यापासून तोडण्याच्या परवानगीपर्यंत सगळ्यांवर सार्वजनिक चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. पण त्याच झाडांवर दर काही महिन्यांनी चढून झावळ्या आणि नारळ उतरवणाऱ्या माणसाबद्दल तशी चर्चा कधी झाली? बारा मीटरच्या नारळावरून पडणारा माणूस ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. खोडाभोवती वेढा घालणारा पट्टा, झावळीच्या देठाला न बांधता खोडालाच आवळलेला दुसरा दोर आणि पायाने चढायचे यंत्र, ही साधने उपलब्ध आहेत. नारळ विकास मंडळ अशा यंत्रावर चढण्याचे प्रशिक्षण देते आणि चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा नावाची विमा योजना चालवते. या योजनेची चौकशी करण्यासाठी मोठी कंपनी असावे लागत नाही.

महाराष्ट्राला उंचीवरच्या माणसाची काळजी घेता येत नाही, असे नाही. दहीहंडीच्या थरांबाबत २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली होती, पुढे २०१७ मध्ये ती उठली, पण वयाची अट राहिली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची आणि गोविंदांना विमा संरक्षण देण्याची घोषणा केली. सर्वांत वरच्या थरावरच्या मुलाला हेल्मेट आणि वरून दोर, हे आता अनेक मंडळांत दिसते. वर्षातून एक दिवस हौसेने वीस फूट चढणाऱ्यासाठी न्यायालय, सरकार आणि मंडळे एवढा विचार करतात. पोटासाठी रोज त्याहून उंच चढणाऱ्याला तेवढेही मिळू नये, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करणार?

कायदा लागू होत नाही, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. कारखान्यांचे नियम चार जणांच्या टोळीला लागत नाहीत, एवढ्यापुरते ते खरे. पण १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत झाडे तोडण्याच्या आणि ताड-माड छेदण्याच्या कामाचा नावानिशी उल्लेख होता आणि त्यासाठी कामगारांची किमान संख्या दिलेली नव्हती. नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकले गेले. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र मासिक मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला अंक असे आहे. तेच सूत्र या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आले. २०२० पासून हिशेबासाठी मासिक मजुरी १५,००० रुपयांपर्यंत धरली जाऊ लागली आणि तीस वर्षांच्या माणसासाठी अंक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती. छोटा ठेकेदार भरपाईच्या या रकमेखाली कायमचा गाडला जातो. त्याला परवडत नाही ते हे.

झाडांविषयीचा कायदा मात्र या बाबतीत गप्प आहे. महाराष्ट्र नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षण व जतनाचा १९७५ चा अधिनियम झाड तोडण्यावर निर्बंध घालतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. ही तरतूद चांगली आहे आणि तिची अंमलबजावणी व्हायलाच हवी. पण परवानगी देताना झाडाचे वय विचारणाऱ्या यंत्रणेने त्यावर चढणाऱ्याचे नाव, वय, विमा आणि प्रशिक्षण विचारायला काय हरकत आहे? अर्जाला एक रकाना वाढवावा लागेल. महापालिकेच्या स्वतःच्या छाटणीच्या निविदांतही माणसांची किमान संख्या आणि दुसऱ्या चढणाऱ्याची अट लिहिता येते, आणि ती लिहिली की खासगी कामांचा दरही आपोआप त्या पातळीवर येतो.

आता परवडण्याचा हिशेब. दोन चढणाऱ्यांचे पूर्ण साहित्य, दोर, चेनसॉच्या विजारी आणि प्रथमोपचार मिळून दीड लाख रुपये धरले, ते तीन वर्षे टिकते असे मानले आणि वर्षाला कामाचे फक्त शंभर दिवस मोजले, तर दिवसाला ५०० रुपये पडतात. दुसऱ्या चढणाऱ्याचा रोज १,२०० रुपये धरला. एकूण १,७०० रुपये. शंभर सदनिकांच्या सोसायटीत छाटणीच्या एका दिवसाचा हा वाढीव भार घरटी १७ रुपये होतो. साहित्याची किंमत दुप्पट धरली तरी तो २२ रुपयांवर जातो. ही रक्कम वाचवण्यासाठी एका माणसाला दोराविना आणि सोबत्याविना तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर चढवले जाते, आणि या बचतीला व्यवहारज्ञान म्हटले जाते.

ज्या ठेकेदाराला दुसरा चढणारा परवडत नाही त्याला ते काम परवडत नाही, आणि त्याने ते घेऊ नये. जी सोसायटी दुसऱ्या चढणाऱ्याचे पैसे देत नाही तिने त्या धोक्याची किंमत कामगाराकडून वसूल केलेली असते, पावती न देता. कमी दराचे कोटेशन स्वीकारताना कोणते साधन आणि कोणता माणूस कमी केला, हे विचारणे ही समितीची जबाबदारी आहे. कार्यादेशात चौघांची नावे, दोघे चढणारे कोण, विमा पॉलिसीचा क्रमांक, हार्नेस आणि हेल्मेट भारतीय मानकांनुसार असल्याची नोंद, काम उक्ते नसून हजेरीवर असल्याची अट, आणि यांतील एकही गोष्ट सकाळी जागेवर नसेल तर काम सुरू न करण्याचा व त्या दिवसाचे पैसे न कापण्याचा अधिकार टोळीला, एवढे लिहिता येते. वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याचे आणि वाहिनीचे अर्थिंग झाल्याचे लेखी मिळाल्याखेरीज कोणीही चढू नये, हेही त्यातच यावे. ओल्या फांदीतून वीज वाहते, हे वर गेल्यावर कळून उपयोग नसतो.

हंगामाची अडचण ठेकेदार नेहमी पुढे करतात: काम एप्रिल ते जूनमध्ये एकवटते, मग कायमची माणसे वर्षभर कशी पोसायची? पण ते एकवटते ते सोसायट्यांच्या सवयीमुळे. वाळलेल्या आणि किडलेल्या फांद्या काढण्याचे, नारळ उतरवण्याचे, इमारतीला घासणाऱ्या फांद्या मागे घेण्याचे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जास्त चांगले होते. तेव्हा हवा सुसह्य असते आणि परवानगीसाठी घाई नसते. चार-पाच सोसायट्यांनी मिळून एका ठेकेदाराशी वर्षाचा करार केला तर त्याला चार माणसे बाराही महिने ठेवता येतात, त्यांना शिकवता येते आणि दर उन्हाळ्यात नाक्यावर जावे लागत नाही.

उरते ते पावसातले तातडीचे काम. रात्री वादळात झाड कोसळते, रस्ता अडतो, आणि सगळे ठेकेदाराला फोन करतात. पडलेल्या झाडाच्या वाकलेल्या फांद्या ताणलेल्या असतात, कुठे कापले तर कुठे उसळेल हे अंधारात कळत नाही, आणि खाली तुटलेली वायर असू शकते. अशा वेळी कोणी गाडलेले किंवा अडकलेले असेल तर ते काम अग्निशमन दलाचे आहे. कोणी अडकलेले नसेल तर रस्ता मोकळा होण्यासाठी थांबता येते. पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत, उजाडेपर्यंत आणि चौघे जागेवर येईपर्यंत झाडाभोवती दोरी बांधून वाहने वळवावीत, आणि थांबलेल्या टोळीची रात्रीची हजेरी सोसायटीने भरावी.